डाव्या खडावेचा दात

आठवा महिना, तारीख ४

ही वही छत्रीच्या उरलेल्या कागदाची शिवली आहे. उद्या मला कुणी धरून न्यायला आलं, तर खरं काय घडलं ते माझ्या हातचं कुठेतरी असावं. माझी बायको ओताने म्हणाली, "अहो, तो कागद ठिगळांना लागतो." नवऱ्याची शेवटची वही होईल कदाचित, आणि हिला ठिगळांची काळजी.

मी सुगानुमा योसोहाची, वय एकतीस, कुराओच्या गढीच्या पूर्व दरवाजावरचा प्यादा. कमरेला दोन तलवारी आहेत म्हणून सामुराई म्हणायचं, पोट भरतं ते छत्र्या चिकटवून. आमच्या आळीत तीस घरं आणि तिसाही घरांत छत्र्या. त्या वाणी घेतात, वैद्य घेतात, वरचे सरदार घेतात. आम्ही मात्र पावसात डोक्यावर गवताचं इरलं आणि पायात गवताच्या चपला. प्याद्याने छत्री उघडायची नाही, खडावा घालायच्या नाहीत, आणि पावसात वरचा सरदार समोर आला की पायातलं काढून चिखलात गुडघे टेकायचे. वाण्याला यातलं काही नाही. तो बाजूला होतो, मान हलवतो आणि कोरडा घरी जातो.

आज दुपारी पाऊस होता. दुकानात पोचवायची एक छत्री मी वाटेत उघडली. पायात दोन दातांच्या लाकडी खडावा होत्या, त्या मी गेल्या महिन्यातच घेऊन लपवल्या होत्या. छत्रीच्या कागदाचं तेल नीट वाळलं आहे का ते बघत होतो, असं कुणाला सांगता येईल, पण ते खोटं आहे. मला ती डोक्यावर धरायची होती.

सहा खांबांच्या पुलावर समोरून कुनिमात्सु उनेमे आले. वरच्यातले वरचे. त्यांच्या डोक्यावरची छत्रीही माझ्याच हातची, मुठीजवळ निळ्या दोऱ्याचे दोन वेढे जास्त देतो तो मीच. मी खडावा काढल्या नाहीत. छत्री मिटली नाही. उभा राहिलो. ते बघत राहिले, मी बघत राहिलो, आणि ते निघून गेले. 

घरापर्यंत जवळजवळ पळतच आलो. आनंदाने की भीतीने, ते अजून ठरलेलं नाही.

तारीख ५

आज आमचा डोकं भादरायचा दिवस. ज्याला घरात कोंडतात त्याने पुढचं डोकं भादरायचं नसतं. वाढलेले केस हीच शिक्षेची खूण. ओताने वस्तरा घेऊन बसली आणि विचारू लागली, "अहो, भादरू की नको?"

"भादर."

"आणि आज कोंडलं तर?"

"तर भादरलेल्या डोक्याने बसेन."

अर्धं झालं तेवढ्यात दारात पावलं वाजली. ओताने थांबली. मी अर्ध्या डोक्याने उठलो, कमरेच्या तलवारी सारख्या केल्या, दार उघडलं. टोफूवाला होता. त्याने माझं डोकं पाहिलं आणि न विचारताच टोफू ठेवून गेला.

दिवसभर दुसरं कुणी आलं नाही.

तारीख ६

होरिए तोकुएमोन नाईक आले. आमच्या तुकडीचे म्होरके, वय चौसष्ट, ओतानेचे मामा. आमचं लग्न त्यांनीच जमवलं आणि छत्री चिकटवायलाही मला त्यांनीच शिकवलं. पायरीवर बसले, पाणी नको म्हणाले.

"चिठ्ठी दिलीस?"

"कसली चिठ्ठी?"

"लेका, माझ्यापुढे वेड पांघरू नकोस. दोन ओळी. माझ्याकडून चूक घडली, मी घरात बसून राहू का, एवढं विचारायचं. कचेरी म्हणते बस, नाहीतर म्हणते नको. बहुतेक वेळा नकोच म्हणते."

"चूक घडलीच नाही तर विचारू कशाला?"

"न विचारणं ही दुसरी चूक."

ही आमच्या कुराओची तऱ्हा. इथे शिक्षा कुणी देत नाही, ती आपण होऊन मागायला जायची. म्हणजे चाबूकही आपणच नेऊन द्यायचा आणि वर विचारायचं, पाठ कुठल्या बाजूने करू? मी नाईकांना स्पष्ट सांगितलं, "त्यांना द्यायची असेल तर त्यांनी यावं आणि द्यावी. मी मागायला जाणार नाही."

 नाईकांनी माझी अर्धी झालेली छत्री उचलून कागदाच्या कडेवर अंगठा फिरवला. "खळ पातळ झाली आहे," म्हणाले. आणि उठताना, "कुणीतरी विचारायलाच हवं, योसो. तिसऱ्या दिवशी कागद गेला नाही तर सगळ्या आळीवर येतं."

"येऊ दे," मी म्हणालो.

जाताना ते विहिरीपाशी ओतानेशी बोलत उभे होते. काय म्हणाले विचारलं, तर म्हणे, "खळ घट्ट ठेव म्हणाले." एवढं सांगायला इतका वेळ लागतो?

तारीख ८

काल कुणी नाही. आज कुणी नाही. ओतानेने माझा चांगला अंगरखा धुऊन वाळवला होता, तो आता पुन्हा घडी घालून ठेवला. शिक्षेची वाट बघणं इतकं कंटाळवाणं असेल असं वाटलं नव्हतं.

तारीख ९

पहाऱ्यावर गेलो. कुणी अडवलं नाही. हजेरी शेजारच्या बानझोने घेतली, नाईकांच्या जागी उभा राहून. हा माझा बालमित्र, पण आज माझ्याकडे न बघता नावं वाचत होता.

"नाईक कुठे?"

"घरी."

"बरं नाही का?"

"घरी आहेत म्हटलं ना."

परतताना आळीतल्या बायका विहिरीवरून बाजूला झाल्या आणि मला वाट दिली. अशी वाट मला आजवर कुणी दिली नव्हती. एकीने तर मान पार खाली घातली. म्हणजे माझ्या पुलावरच्या उभं राहण्याचा काहीतरी परिणाम आहे. पण त्या हसतही नव्हत्या. आदर असला की माणूस निदान हसतो.

तारीख १२

नाईकांच्या घरी गेलो. फाटक बंद. खिडक्यांच्या फळ्याही लावलेल्या, भर दिवसा. हाक मारली. आतून खोकल्याचा आवाज आला आणि मग तोही थांबला. मी पुन्हा हाक मारली, "नाईक, मी योसो."

थोडं थांबून परत फिरलो.

आता समजलं. माझ्याशी संबंध नको म्हणून म्हाताऱ्याने दार लावून घेतलं आहे. ज्याने माझ्या हातात छत्रीची पहिली काडी दिली, त्यालाच माझी लाज वाटते. वाईट वाटलं, खूपच. मग राग आला, आणि रागात जरा बरं वाटलं.

तारीख १३

मी आज खडावा घालून त्यांच्या फाटकासमोरून गेलो, मुद्दाम टाचा आपटत. तिथे दगडी फरशी आहे, आवाज चांगला येतो. परतताना पुन्हा. लपून बसा म्हणावं, ऐकावं तर लागेलच.

तारीख १५

आज चांदणपुनव. ओतानेने पंधरा लाडू केले, तांदळाचे, रिवाजाप्रमाणे. संध्याकाळी चंद्रापुढे मांडले तेव्हा मोजले तर दहा.

"बाकीचे पाच?"

"फुटले."

लाडू फुटले तरी तुकडे राहतात. तुकडे कुठे आहेत ते मी विचारलं नाही, कारण तिचे डोळे लाल होते आणि चुलीत धूर नव्हता.

तारीख २१

सतरा दिवस झाले. कचेरीतून एक कागद नाही. मी तीन शक्यता मांडल्या. एक, ते मला घाबरले. दोन, ते काहीतरी मोठं योजत आहेत. तीन, कुनिमात्सुंनी मला पाहिलंच नाही. पण पुलावर आम्ही दोघेच होतो, आणि ते काही आंधळे नाहीत. पहिली शक्यता मला आवडते, दुसरी झोपताना आठवते, तिसरीने अपमान होतो.

बंड करावं आणि कुणी दखलच घेऊ नये, तर मग काय करायचं असतं? हे कुणी शिकवलेलं नाही.

नाईकांच्या फाटकासमोरून रोज जातो. दोन खेपा पहाऱ्याला जाताना-येताना, आणि दोन उगीच.

तारीख २७

आज उनेमे पूर्व दरवाजातून आत गेले. पाऊस नव्हता, त्यामुळे आम्ही सगळे नुसते वाकलो, मीही थोडा. ते माझ्यासमोर थांबले. मला वाटलं, आला तो क्षण. 

ते म्हणाले, "तुझ्या नाईकाची मी चौकशी केली म्हणून सांग. जुना माणूस. असे आता राहिले नाहीत."

आणि गेले.

म्हणजे नाईक यांचा माणूस! म्हातारा गुपचूप जाऊन काहीतरी बोलून आला असणार. योसोहाची जरा डोक्याने कमी आहे, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, असं काहीतरी. म्हणूनच मला शिक्षा नाही. वेड्याला कोण शिक्षा करतं? मी पुलावर ताठ उभा राहिलो त्याची यांनी दोघांनी मिळून चेष्टा करून टाकली.

घरी येताना फाटकासमोर इतक्या जोरात पाय आपटले की डावी खडाव कलली आणि मी पडता पडता वाचलो.

नववा महिना, तारीख ९

शेवंतीचा सण. पहाऱ्यावरच सगळ्यांनी वाटीतल्या दारूत शेवंतीच्या पाकळ्या टाकून घोट घोट घेतला. दुसऱ्या वाटीनंतर मी म्हणालो, "एक वाटी आपल्या नाईकांच्या नावाने, जे घरात दडून बसलेत."

कुणी वाटी उचलली नाही. बानझो उठून माझ्याजवळ आला. वाटलं मारतो.

"योसो, तू छत्रीखाली एकटाच उभा होतास ना त्या दिवशी?"

"एकटाच. अभिमान आहे मला."

"तेच. तुला वाटतं तू एकटाच होतास." मग त्याने माझी वाटी काढून घेतली. "घरी जा. आणि त्या फाटकावरून हळू चालत जा रे, आज तरी."

मी हळू गेलो नाही. पण घरी आल्यापासून त्याचं वाक्य उलटसुलट करून बघतो आहे. मी एकटाच होतो. पुलावर दुसरं कोण होतं?

ओतानेला विचारलं, "तुम्ही सगळे माझ्यापासून काय लपवता?" ती कागद कापत होती, कापतच राहिली. म्हणाली, "अजून नऊ दिवस थांबा." नऊ दिवसांनी काय आहे? सण नाही, पंधरवडा नाही. पंचांग बघितलं, काही सापडलं नाही.

तारीख १८

आजचं आजच लिहितो.

पहाऱ्यावरून दुपारी लवकर सुटलो. घरी ओताने नाही. वस्तराही जागेवर नाही, त्याचा दगडही नाही. पावसाची भुरभुर होती, म्हणून छत्री घेतली आणि निघालो. नाईकांच्या घराकडे वळलो आणि टाच आपटणार तोच दिसलं की फाटक सताड उघडं आहे.

ओसरीवर नाईक बसले होते. गुडघ्यावर फडकं. मागे ओताने वस्तरा घेऊन. मी आधी माणूस ओळखलाच नाही. गालफडं बसलेली, रंग मेणासारखा, आणि ज्या पुढच्या डोक्यावर मी उभ्या जन्मात केस पाहिला नव्हता, तिथे अर्ध्या पेराएवढे पांढरे खुंट. फडक्यावर तेच पांढरं पडत होतं.

बानझोने हजेरी घेतली त्याच्या आदल्या दिवसापासून, म्हणजे आठव्या महिन्याच्या आठपासून, आजपर्यंत मोजलं. चाळीस दिवस. मला मोजायला वेळ लागला, म्हणजे किती मूर्ख आहे मी ते बघा.

"चिठ्ठी तुम्ही दिलीत," मी म्हणालो.

"ये, बस. ओल्यात उभा राहू नकोस."

"काय लिहिलंत?"

उत्तर ओतानेने दिलं, वस्तरा न थांबवता. "छत्री पोचवायला त्याला मीच पाठवलं, वाटेत उघडू नकोस हे सांगायला मी विसरलो. मी घरात बसून राहू का? असं लिहिलं मामांनी. कचेरी म्हणाली, बस, चाळीस दिवस."

"मला का नाही सांगितलंत?"

नाईक म्हणाले, "सांगितलं असतं तर तू कचेरीत जाऊन खरं बोलला असतास. मग माझी चिठ्ठी खोटी ठरली असती. आळीला तुझ्यासारखा एक चालतो, योसो. खोटी चिठ्ठी देणारा नाईक चालत नाही."

 मी ओसरीखालीच उभा होतो, पायात खडावा. त्यांची नजर तिथे गेली.

"डाव्या खडावेचा दात झिजलाय," ते म्हणाले. "दोन हप्ते झाले, आवाज बदललाय. बदलून घे, नाहीतर फरशीवर पडशील."

"तुम्ही ऐकत होता."

"अंधारात दुसरं काय करणार? दिवसातून चार वेळा. आवाज आला की कळायचं, अजून कुणी नेलं नाही याला."

मी रडलो. एकतीस वर्षांचा माणूस, दोन तलवारी लावलेला, ओसरीच्या कडेला कपाळ टेकून रडलो. ओताने म्हणाली, "अहो, जरा सरका, केस पडतात." मी सरकलो.

सुटका झाली की त्याच दिवशी कचेरीत जाऊन उपकार मानायचे असतात. आपल्याला कोंडलं म्हणून! नाईकांना चालवत नव्हतं, म्हणून मी बरोबर गेलो. जाताना पाऊस थांबलेला होता. येताना सहा खांबांच्या पुलावर तो पुन्हा कोसळला, आणि समोरून उनेमे, बरोबर त्यांचा एक माणूस.

नाईकांनी गवताच्या चपला काढल्या आणि चिखलात गुडघे टेकले, जसे गेली पन्नास वर्षं टेकत आले. मी उभा. उभंच राहायचं होतं मला, त्या माणसापुढे वाकण्यासारखं काहीही नव्हतं. पण पाऊस नाईकांच्या नव्या भादरलेल्या डोक्यावर ताडताड पडत होता. मी छत्री उघडली. उभ्याने ती त्यांच्यापर्यंत पोचेना, वारा तिरका होता. मी वाकलो, तरी पोचेना. मग खडावा काढल्या, शेजारी गुडघे टेकले आणि छत्री त्यांच्यावर धरली.

तो बरोबरचा माणूस ओरडला, "ए प्याद्या, छत्री मिट."

"यांचं डोकं आजच भादरलंय," मी म्हणालो. "सर्दी होईल."

 मला फक्त उनेमेंच्या खडावा दिसत होत्या. त्या थोडा वेळ थांबल्या आणि मग गेल्या. छत्री उघडीच राहिली. नाईक खाली मान घालूनच पुटपुटले, "गाढवा." इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी गाढव म्हटलं नव्हतं.

आता घरी बसून विचार करतो आहे आणि डोकं फिरतं. मी वाकलो की नाही वाकलो? गुडघे टेकले हे खरं. छत्री मिटली नाही हेही खरं. मी कुनिमात्सु उनेमेपुढे बसलो, की होरिए तोकुएमोनच्या शेजारी? बघणाऱ्याला हे वेगळं दिसत असेल का? बंड झालं की मोडलं, मला सांगता येणार नाही.

तारीख १९

सकाळी उठून पहिलं काम. माझ्या हातची चिठ्ठी, दोन ओळी.

"चौथ्या तारखेची छत्री मी माझ्याच मर्जीने उघडली होती, कालचीही." हे लिहिलं आणि फाडलं, कारण पहिल्या अर्ध्याने नाईक खोटे पडतात. खरं लिहिलं तर ते बुडतात, आणि खोटं लिहिलं तर मी. शेवटी फक्त कालचं ठेवलं. "पुलावर छत्री उघडी ठेवली. मी घरात बसून राहू का?"

इतके दिवस न लिहिण्यात जो ताठा होता, तो लिहिल्यावर गेला नाही. हे मला समजलेलं नाही, पण लिहून ठेवतो.

तारीख २०

बानझोच्या हाती चिठ्ठी पाठवली. तो म्हणाला, "शहाणपण उशिरा आलं." मी म्हणालो, "आलं आहे का, ते अजून माहीत नाही." मग सुताराकडे जाऊन खडावांची नवी जोडी घेतली. जुन्या डावीचा दात खरंच अर्धा झिजला होता.

तारीख २४

उत्तर आलं. बस, तीस दिवस. नवी जोडी अजून पायातही घातलेली नाही. दुपारी फळ्या लावल्या. ओतानेने वस्तरा तेल लावून गुंडाळून ठेवला. आता कुणाच्या मनात गोंधळ नाही, एक माझ्या सोडून.

दहावा महिना, तारीख ३

पुढच्या डोक्यावर खुंट आले आहेत, खाजतात. फळीच्या फटीतून जेवढा उजेड येतो तेवढ्यात काड्या तासतो. आळीतले आवाज ओळखू यायला लागले. टोफूवाला डावा पाय ओढतो. बानझो विहिरीपाशी थांबतो, तो थकला असला तर.

नवी जोडी कोपऱ्यात दिसत नाही. ओतानेला विचारलं, तर म्हणाली, "दिली एकाला." कुणाला, ते सांगेना. वर म्हणाली, "घट्ट होत्या त्यांना, पण चालतील म्हणाले."

तारीख ५

सकाळपासून पाऊस.

दुपारी आळीच्या तोंडाशी खडावा वाजल्या. आमच्या आळीत खडावा घालणारा एक मीच, आणि मी तर आत बसलेला. हातातली काडी खाली ठेवली. पावलं हळू होती, म्हाताऱ्या माणसाची, मधूनमधून खोकला. डावी नीट वाजत होती, उजवी नीट वाजत होती. आमच्या फाटकासमोर आली, थोडी थांबली, आणि टाच आपटून पुढे गेली. छत्रीच्या कागदावर पडणारा पाऊसही ऐकू आला, तो आवाज मी झोपेतही ओळखेन. आळीच्या टोकापर्यंत गेली आणि परत फिरली.

चौसष्ट वर्षांचा माणूस. कुणी पाहिलं तर? ते स्वतः तर चिठ्ठी देणार नाहीत आता, त्यांचा तो ताठा मला फळीआडूनही कळला. मग विचारायचं कुणी?

पावलं परत येत होती. मी ओतानेला पाणी आणायला सांगितलं आणि चिठ्ठीसाठी शाई उगाळायला घेतली.